सोनोग्राफीला घेतलंन आत

आमच्या घरात सोनोग्राफी हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. दोनदा त्या शब्दामागोमाग रडारड झाली आहे. दोन्ही वेळा मला चौथा महिना होता, दोन्ही वेळा रत्नागिरीतल्या एकाच इस्पितळातली तीच खोली होती, आणि दोन्ही वेळा पडद्याकडे बघता बघता डॉक्टरीणबाई गप्प झाल्या होत्या. नवरा तेव्हा जहाजावर. बाळ गेल्याचं सासूबाईंनीच त्याला फोनवर कळवलं.

म्हणून यंदा पुन्हा चौथा महिना लागला तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. जड उचलू नका, रिक्षात बसू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. जड म्हणजे पाण्याची कळशी, असं मी समजले होते. सासूबाईंनी त्यात माझ्या लेकीलाही धरलं. चार वर्षांची पोर "आई, उचल ना" करत मागे मागे फिरायची आणि मी तिला आजीकडे पिटाळायचे.

त्या दुपारी पावस गावात आमच्या घरामागे तेच झालं. मी नाही म्हटलं, ती फुरंगटून गडग्याच्या रचीव दगडांवर चढली, वरचा दगड निसटला आणि दगडासकट ती खाली आली. मी धावले, तिला उचललं, आणि मग मला आठवलं की उचलायचं नव्हतं. मनगटाच्या वर हात टम्म सुजला होता.

शेजाऱ्याच्या रिक्षातून सासूबाई आणि मी तिला घेऊन रत्नागिरीच्या त्याच इस्पितळाकडे निघालो. प्रत्येक खड्ड्याला ती किंचाळायची आणि माझा हात माझ्या पोटावर जायचा. तिच्या डोक्यावर नाही, पोटावर. मला ते दिसत होतं, तरी हात तिकडेच जात होता. लिहितानाही लाज वाटते.

एक्सरेच्या दारात तिथल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि हात आडवा केला.

"वहिनी, तुम्हाला आत नाही येता यायचं. आजींना पाठवा."

सासूबाई शिशाचा जड अॅप्रन घालून आत गेल्या. एरवी बाजारात कोळणीशी भांडून दोन बांगडे जास्त घेणारी ही बाई, पण नातीला धरणं काही तिला जमेना. पोर "आई, आई" करून लाथा झाडत होती. पहिला फोटो हलला. दुसरा हलला. तिसऱ्या वेळी तो माणूस वैतागून बाहेर आला.

"आईशिवाय धरता येणार नाही हिला. आणि आई चालत नाही. मी काय करू?"

"मला द्या अॅप्रन," मी म्हटलं.

म्हटलं खरं, पण पाय उंबऱ्याच्या आत पडेना. आत माझं मूल होतं आणि माझ्या आतही माझं मूल होतं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, ती वेळ कशी असते ते मला त्या दारात कळलं. लेक आतून माझ्याकडे बघत होती. चार पावलांवर होते मी. गेले नाही.

आरडाओरडा ऐकून समोरच्या खोलीतून त्याच डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मला त्यांनी ओळखलं. माझं पोट पाहिलं, पोरीचा हात पाहिला.

"इकडे आणा तिला. मनगटाजवळचं हाड सोनोग्राफीतही दिसतं. कोपर असतं तर मी म्हटलं नसतं. यात किरणं नसतात. तुम्ही मांडीवर घेऊन बसा."

"मॅडम, हाडाची सोनोग्राफी?" एक्सरेवाला म्हणाला. सासूबाई तर भिंतीला टेकून मटकन खालीच बसल्या. मी पोरीला घेऊन आत गेले.

तीच खोली, तोच काळोख, 'इथे गर्भलिंग तपासणी होत नाही' ही तीच पाटी. लेक माझ्या मांडीवर बसली आणि हुंदके देत का होईना, शांत झाली. बाईंनी हातावर गार जेल लावलं आणि यंत्राचा दांडा अगदी हलके फिरवला. पडद्यावर एक पांढरी रेघ उमटली.

"माझ्या हातात बाळ आहे?" लेकीने विचारलं. सोनोग्राफी म्हणजे बाळ, एवढं तिला ठाऊक होतं.

बाई हसल्या. मग पडद्याकडे बघता बघता गप्प झाल्या. ते गप्प होणं मला पाठ होतं.

"ही रेघ बघा," शेवटी त्या म्हणाल्या. "इथे तुटली आहे. हाड मोडलंय, पण जागेवरून फारसं हललेलं नाही. प्लास्टरमध्ये जुळेल."

प्लास्टर चालू असताना नवऱ्याचा फोन आला. त्याला आम्ही काहीच कळवलं नव्हतं, असा माझा समज. माझे दोन्ही हात लेकीला धरण्यात गुंतलेले, म्हणून स्पीकर लावला. पलीकडून नुसतं रडणं.

"परत गेलं का गं?"

मागाहून कळलं, सासूबाईंनी बाहेर बसल्या बसल्या त्याला मोबाइलवर आवाजी निरोप पाठवला होता, "अरे, सोनोग्राफीला घेतलंन आत. मला काय सुचत नाय. देवाला हाक मार." कुणाला घेतलं, ते सांगायचं राहिलं होतं.

"अहो, काही गेलं नाही!" मी ओरडलेच. "पोर पडली. तिचा हात मोडलाय. त्याची सोनोग्राफी होती."



"हात? नुसता हात?" तो आता हसत होता आणि रडतही होता. "बरं झालं गं! देवा, बरं झालं!"

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. एक्सरेच्या दारात मी जे केलं ते त्याने फक्त तोंडाने म्हटलं.

लेकीने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझा हात मोडला ते बरं झालं?"

"बाबांना नीट ऐकू नाही आलं," मी म्हटलं.

दुपारपासून सारखी रडणारी पोर आता रडली नाही. ओलं प्लास्टर दुसऱ्या हाताने सांभाळत ती माझ्या मांडीवरून उतरली आणि आजीजवळ जाऊन बसली.