मामांचं बोट

आधी मामांचं सांगते, परीक्षेचं मग. उलटं सांगितलं तर काहीच कळायचं नाही.

माझे मामा दौंडला रेल्वेत कीमन होते. कीमन म्हंजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा, काखेत लाल-हिरवी झेंडी आन् एकट्यानं लाइनीवर चालत सुटायचं. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी जाग्यावर धरलेला असतो, त्या गाड्यांच्या हादऱ्यानं ढिल्या होतात. त्या बघायच्या, ठोकून बसवायच्या, पुढं जायचं. ठण ठण. ठण ठण. पुढनं गाडी आली तर दिसते. पाठनं आली तर ती ऐकूच यायला पाहिजे. बास, एवढंच लक्षात ठेवा.

आमचं गाव न्हावरं. तिथं मुलींनी सातवीच्या पुढं शिकायचं म्हंजे अवघड, म्हणून आईनं मला तिच्या भावाकडं दौंडला ठेवलं. मामांना मूलबाळ नाही. त्यांच्या क्वार्टरमध्ये मी मॅट्रिक झाले, पुण्यात इंटर केलं, आणि मुंबईला एक नवीन कोर्स निघाला होता त्यात मला जागा मिळाली. कान तपासायचे, आणि ज्यांना नीट बोलता येत नाही त्यांना बोलायला शिकवायचं. न्हावऱ्याच्या एस.टी. स्टँडवर आप्पा चुलत्यांनी भर लोकांत विचारलं होतं, बोलाय शिकवायला मुंबईत कालेज कशाला, तुझी चुलती फुकट शिकवंल की. सगळा स्टँड हसला. मीपण हसले. तेव्हा मला सगळ्याचंच हसू यायचं.

शेवटची परीक्षा आली. लेखी झाली, उरली प्रात्यक्षिक. आमची बॅच अगदी सुरुवातीची, बाहेरून परीक्षक येणार, आणि परीक्षेच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये पेशंट मिळतीलच याचा भरवसा नाही. म्हणून बाईंनी सांगून टाकलं, प्रत्येकीनं ऐकू कमी येणारं एक मोठं माणूस घरनं आणायचं. त्याची माहिती घ्यायची, मशीनवर कान तपासायचे, आलेख काढायचा आणि परीक्षकांपुढं कारण सांगायचं. ते पटलं तर पास.

मला लगेच मामा आठवले. कारण घरी एक गंमत चालायची. मामी म्हणायची, "साखर संपलीय." मामा म्हणायचे, भाकर तर आत्ताच खाल्ली. मामी कपाळाला हात लावायची, या माणसाला कामाचं तेवढं बरं ऐकू येत न्हाई म्हणायची. शेजारच्या बायका पोट धरून हसायच्या.

आता मी शिकून आलेली, त्यामुळं सुट्टीत माझं लक्ष जायला लागलं. पलीकडची म्हैस हंबरली की मामांची मान वळायची. सायकलची घंटी अगदी पाठीशी वाजली तरी वळायची नाही. जाड आवाज येत होता, बारीक येत नव्हता. पुस्तकात होतं तसंच. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, परीक्षेला असा पेशंट कुणाला मिळणार होता. मी कानाशी वाजवायचा ट्यूनिंग फोर्क काढला. मामी त्याला चिमटा म्हणायची, फकिराच्या हातातल्यासारखा. मोठा चिमटा वाजवला, मामा येतंय म्हणाले. बारका वाजवला, तरी येतंयच म्हणाले. मग मी नुसता धरला, वाजवलाच नाही. मामा माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "येतंय की."

तेव्हा मला पहिल्यांदा कसंतरी झालं.

रेल्वेत दर काही वर्षांनी कानाची-डोळ्याची तपासणी होते. मामा ती आजपर्यंत पास होत आले होते. कसं, ते मी जेवताना सहज विचारलं तर ते खुशीत सांगायला लागले. डॉक्टर पाठीमागं उभा राहून आकडे पुटपुटतो. पण समोर औषधाचं काचेचं कपाट असतं आणि त्यात डॉक्टरचे ओठ दिसतात. मामी वाढता वाढता थांबली. तिनं भांडं खाली ठेवलं आणि चुलीकडं गेली. पुढची तपासणी दिवाळीनंतर होती.

मुंबईला यायला मामा तयार झाले, एका अटीवर. रेल्वेचं नाव काढायचं नाही. धंदा विचारला तर शेती सांगायची. माझं काय, मला पेशंट मिळाल्याशी मतलब, मी हो म्हणाले. गाडीत मी त्यांना सगळं समजावलं. कानाला हेडफोन लावतील, त्यातनं आवाज येईल, आला की बोट वर करायचं. आणि वर म्हणाले, "मामा, चुकू नका हां. माझं पास-नापास तुमच्या बोटावर हाय." मामांनी मान हलवली. फार गंभीरपणे हलवली. मला वाटलं, कळलं त्यांना.

तपासणीची खोली लहान होती. भिंतींना आतनं जाड गाद्यांसारखं काहीतरी मारलेलं, बोललं की आपलाच आवाज आपल्या तोंडाशी मरायचा. मामा आत आले आणि दारातच थबकले. म्हणाले, हितं वारा न्हाई. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, कानाला लावलं. परीक्षक कोपऱ्यात बसले होते, चष्म्यातले, शांत, पुणेरी बोलणारे. मी माहिती विचारली, धंदा शेती लिहिलं, आणि त्यांच्या पाठीमागं बसून मशीन सुरू केलं.

मामांचं बोट वर.

दुसरा आवाज. बोट वर. बारीक केला, अजून बारीक केला, जिथं मला स्वतःला ऐकू आलं नसतं तिथं आणला. बोट वर. शाळेतल्या मुलासारखं ताठ, कोपर न वाकवता. दोन्ही कान, सगळे आवाज. माझ्या आलेखावर कागदाच्या अगदी वरच्या टोकाला सरळ रेघ आली. परीक्षक उठून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, कान तर विशीतल्या मुलासारखे आहेत, मग यांना इथं कशाला आणलंत.

मी मान वर केली. आणि मग दिसलं. मामांच्या समोर दाराला काच होती. काचेत मी दिसत होते. मी बटण दाबलं की माझा खांदा जरासा हलायचा, आणि मामा माझ्या खांद्याकडं बघून बोट वर करत होते. फसवायला नाही हो. मी गाडीत जे बोलले होते ते त्यांनी धरून ठेवलं होतं. परीक्षा माझी, बोट त्यांचं, एक जरी आवाज हुकला तरी भाची नापास. म्हणून ते एकसुद्धा हुकू देत नव्हते. कपाळावर घाम होता त्यांच्या.

खुर्ची फिरवली की सगळं उघडं पडणार, हे मला कळत होतं. नाही फिरवली तर मी नापास, तेही कळत होतं. पण खरं सांगते, त्या क्षणी यातलं काही डोक्यात नव्हतं. मला फक्त ती लाइन दिसत होती, लांब, सरळ, आणि तिच्यावर कुठंच काच नव्हती.

मी उठले आणि मामांची खुर्ची भिंतीकडं फिरवली.

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग पुढं तोंड करून बसले. मी पुन्हा सुरुवात केली. जाड आवाजाला बोट वर गेलं, पण उशिरा, चाचपडत. मग बारीक आवाज. हात मांडीवर. वाढवला. हात मांडीवर. आणखी वाढवला. हेडफोनमधनं आवाज बाहेर सांडायला लागला, मला ऐकू येत होता, कोपऱ्यातल्या परीक्षकांना ऐकू येत होता. दार नीट लागत नव्हतं, ते उघडून शिपाई आत डोकावला, काय वाजतंय म्हणून. मामा भिंतीकडं बघत स्वस्थ बसले होते. हात मांडीवर, पालथा. मी कधी इतकी घाबरले नव्हते.

नव्या आलेखात रेघ सरळ येऊन एकदम खाली कोसळली होती. आम्ही मुली त्याला खड्डा म्हणायचो. तो तसा खड्डा मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केल्यावरच पडतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही माहीत असतं. परीक्षकांनी मामांना आमच्याकडं तोंड करून बसवलं, हेडफोन काढले आणि मला विचारलं, "शेतात इतकं काय वाजतं, सांगा बरं?"

मी तोंड उघडलं, मिटलं. परीक्षक वाट बघत होते. मामा एकदा त्यांच्या ओठांकडं, एकदा माझ्या ओठांकडं बघत होते, आणि माझे ओठ हलत नव्हते. त्यांना तेवढं पुरलं.

"लोखंड, सायेब," मामा म्हणाले. "लोखंडावर लोखंड. मी लायनीवर हाय. तिला नापास करू नगा, मीच तिला शेती सांगाय लावली."

परीक्षकांनी लिहिणं थांबवलं. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी मामांच्या गुडघ्यावर हात ठेवला, स्वतःचं तोंड त्यांना नीट दिसेल असं केलं आणि हळू विचारलं, गाडी मागून आल्यावर तुम्हाला कशी कळते. मामांनी मला बाहेर जायला सांगितलं.

दुपारीच आम्ही परत निघालो. खिडकीची जागा होती. पुणं गेलं, लोणी गेलं. मी बोलत होते, मी अशी, गप्प बसवत नाही मला, घाबरले की जास्तच बोलते. पण त्यांना ऐकायचं नसलं की ते खिडकीबाहेर बघायचे आणि मग माझं बोलणं वाया. उरुळीच्या पुढं त्यांनी माझ्याकडं तोंड केलं.

"भिंतीकडं बसीवलं तवा, किती मोठ्यानं वाजत हुतं?"

"शिपाई दार उघडून आला होता, मामा."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. मग सांगायला लागले, माझ्याकडं न बघता. पावसाळ्यापूर्वी एकदा पुलाच्या अलीकडं ते चावी ठोकत होते. सगळं नेहमीसारखं होतं. आणि एकदम पाठीला वारा लागला, गरम. ते बाजूला पडले की कुणी पाडलं ते त्यांना आठवत नव्हतं. शेजारनं नुसतं इंजिन गेलं, मागं डबा नाही, काही नाही. ड्रायव्हर बाहेर वाकून शिव्या देत होता, त्याचं तोंड हलताना दिसलं. घरी येऊन ते जेवले. मामीला म्हणाले, आज उकडतंय.

"मला वाटलं, त्यानं शिट्टी मारलीच न्हाई," मामा म्हणाले. "एवढे दिवस मी त्यालाच वाईट म्हनत हुतो."

केडगाव आलं, गेलं. पुढं काळोख पडत आला आणि लाइनीकडंची शेतं दिसेनाशी झाली. मामा खिडकीतनं खाली, रुळांच्या खडीकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ते हातोडा घेऊन गेले, पण लाइनीवर नाही. साहेबाच्या ऑफिसात गेले आणि तो टेबलावर ठेवला. दिवाळीनंतरच्या तपासणीची वाट बघितली नाही.

मी पास झाले. आता पुण्यात एका दवाखान्यात आहे. मामांना स्टेशनवर पाणी भरायचं काम दिलंय. पगार उतरला, मान उतरला. मुकादम त्यांना हाक मारतो तेव्हा मुद्दाम नुसते ओठ हलवतो आणि बाकीचे हसतात. मामी आता साखरेची थट्टा करत नाही. डबा वर धरून दाखवते.

परवा सुट्टीला गेले होते. मामा सकाळी पायरीवर बसले होते, लाइनीकडं तोंड करून. मी चहा दिला. त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, वाजतंय का गं? मी कान दिला. लांबनं येत होतं, ठण ठण, मध्ये थांबून परत ठण ठण.

"वाजतंय, मामा."

त्यांनी चहा घेतला. हे रोज असतं म्हणे. मी नसले की मामीला विचारतात.

थोड्या वेळानं नवा कीमन पाणी प्यायला क्वार्टरपाशी आला. मांडवगण फराट्याचा, आधी काही वर्षं लाइनीवरच्याच टोळीत घण मारलेला, नुकतंच लग्न झालेला, हसरा. मामांच्या पाया पडला. मी तांब्या देताना विचारलं, पुलापर्यंत जावं लागतं का आज. अगदी साधं विचारलं, हाताच्या अंतरावरनं.

तो हसून पुढं वाकला. "आं?"

मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मामा त्याच्याकडं बघत नव्हते. माझ्या तोंडाकडं बघत होते.