नांग सिद्राच्या डोक्यावरचा मेयर

नांग सिद्रानं मेयर विलासेकांच्या तोंडावर सुकी मासळी हाणली, असं आमच्या बंदरात सांगतात. (वयानं थोरल्या बाईला आम्ही नांग म्हणतो.) कुणी म्हणतं एक, कुणी म्हणतं अख्खी जुडी. फेरीबोटीवरचा तिकीटवाला तर मेयरचा दात पडल्याचंही सांगतो. मी तिथं दोन हात अंतरावर उभी होते. मासळी कुणी हाणली नाही. ती नांगच्या हातात होती, हात थरथरत होता आणि एक खवला उडून मेयरच्या शर्टाला चिकटला. एवढंच.

मुळात नांग सिद्रा कुणाला हाणेल हेच खोटं. ती पालीला घाबरते, ढगांच्या आवाजाला घाबरते, शिडीच्या तिसऱ्या पायरीला घाबरते. घाबरली की तिला उचकी लागते, कोंबडीच्या पिलासारखी बारीक, आणि प्रत्येक उचकीनंतर ती "माफ करा" म्हणते. (मी सगळ्यांच्या नकला करते; ही उचकी मला हुबेहूब जमते.) सतराव्या वर्षी ती पलीकडच्या बेटावरून डोक्यावर टोपली घेऊन आली. नवरा गेला, दोन्ही मुली परदेशात लोकांची घरं पुसतात. एकतीस वर्षं ती मासळी गल्लीत चौदा नंबरच्या जागेवर बसते. जागा नगरपालिकेची. निवडणूक झाली की जागांची नवी यादी लागते आणि यादीवर सही मेयरची. चौदा नंबर गेला तर तिच्याकडं दुसरं काही नाही. हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, तिला सगळ्यांत जास्त.

आमच्याकडं निवडणूक संपली की फ्लेक्स वाया जात नाहीत. कुणाची मोरी, कुणाचं खुराडं, कुणाचं दुकान त्यांनी झाकलं जातं. पांढरी बाजू वर ठेवायची, म्हणजे ऊन कमी लागतं. त्यामुळं पुढाऱ्याचं तोंड खाली येतं आणि तो वर्षानुवर्षं आपल्याकडं बघत राहतो. नांग सिद्राच्या डोक्यावर मागच्या निवडणुकीतले विलासेका होते. हिरवा शर्ट, छातीवर हात आणि खाली हातभर अक्षरं : 'समुद्राची एक वीतही बुजवू देणार नाही.'

तीन वर्षांत त्यांचा शर्ट जांभळा झाला, पक्ष दुसरा झाला आणि समुद्र बुजवणं म्हणजे प्रगती झाली. बुजवायचा तोच किनारा, जिथं अख्खी गल्ली मासळी वाळत घालते. मतदान जवळ आलं तशी त्यांची माणसं नवे जांभळे फ्लेक्स फुकट वाटत, जुने गोळा करत फिरू लागली. लोकांनी देऊन टाकले. नांग सिद्रा मात्र "उद्या देते" म्हणत राहिली, कारण उतरवायचा तर शिडी चढायला हवी.

गल्लीत यावर रोज खल.

"माणूस बदलतो गं," शेजारी व्हिनेगर विकणारी नांग ओपिंग म्हणायची. "माझा नवरा नाही बदलला?"

"तुझ्या नवऱ्यानं छातीवर हात ठेवून फ्लेक्स नव्हता छापला," समोरची खेकडेवाली.

"छापला असता तर त्यावर मी मिरच्या वाळवल्या असत्या. पण मेयर माझ्या सासऱ्याच्या मयताला आले होते. दोन तास बसले."

"म्हणून मत देणार?"

"बसले होते ना."

नांग सिद्रा म्हणायची, "बदलू दे. पण येऊन सांगावं की नाही, का बदललो ते?" आणि लगेच कोण ऐकतंय ते बघायची.

मग एका सकाळी मेयरच आले. हात मिळवत मिळवत चौदा नंबरपाशी थांबले, सावलीत शिरले, अर्धा किलो सुकी मासळी मागितली आणि मानेचा घाम पुसायला तोंड वर केलं. वर ते स्वतःच होते, हिरवे. बर्फ फोडणाऱ्याचा हातोडा थांबला.

"मेयर," नांग सिद्रा म्हणाली. आवाज एवढासा. "हे... हिक्, माफ करा... हे का बदललं?"

खवला उडाला तो इथं.

मेयर हसले. (हे हसू सोपं आहे. फक्त दात काढायचे, डोळ्यांना त्रास द्यायचा नाही.) "काळ बदलतो, नांग. नवा फ्लेक्स पाठवतो." त्यांच्या मागं बोयेत नावाचा त्यांचा माणूस होता. त्यानं खिशातून वही काढली, खांबावरचा आकडा बघितला आणि लिहून घेतला.

त्या दिवसापासून गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल थांबली की ती काहीतरी शोधायला टेबलाखाली वाकायची आणि मोटारसायकल गेल्यावरच वर यायची. एकदा तर तिनं टोपल्या बांधूनच ठेवल्या. उगाच घाई नको व्हायला, म्हणाली.

गुरुवारी बोयेत नवा फ्लेक्स ठेवून गेला. "शनिवारी बघायला येतो, नांग. वर दिसला तर वहीतला आकडा खोडतो. नाही दिसला तर..." त्यानं नुसती वही मिटली.

"नांग, तू उद्याच लावशील," मी म्हटलं.

"नाही लावणार." उचकी. "माफ कर. लाव पैज."

मी जिंकले तर महिनाभर दुपारचा भात आणि तळलेली मासळी तिच्याकडं. ती जिंकली तर मी तिच्या छपराखाली उभं राहून मेयरचं समुद्र न बुजवण्याचं जुनं भाषण मेयरच्या आवाजात करायचं. मी हसत हो म्हटलं. शुक्रवारी तिनं शिडी मागून आणली तेव्हा तर मी पोटावरून हात फिरवला. पण शिडी रात्रभर खांबाला टेकून राहिली.

शनिवारी बोयेत आला. घडी घातलेला जांभळा फ्लेक्स नांग सिद्रानं दोन्ही हातांनी पुढं केला. वर मेयरनी मागितलेल्या अर्धा किलो मासळीची पुडी.

"मेयरना द्या. म्हणावं, मी अजून मत ठरवलेलं नाही. त्यांनी इथं बसून का बदललो ते सांगावं. पटलं तर मीच चढून लावते."

"आणि चौदा नंबर?"

"तो तुमच्या वहीत आहे," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "मी काय करू?"

बोयेतनं फ्लेक्स घेतला, पुडी घेतली. वही काढलीच नाही. गेलाही नाही. नांग ओपिंगच्या पिंपाला टेकून त्यानं सिगारेट पेटवली.

नांग सिद्रा पांढरीफटक होऊन खाली बसली. मग माझ्याकडं वळली. "चल, इंदाय. भाषण."

"तो अजून तिथंच आहे."

"मलाही दिसतोय."

मी उभी राहिले, छातीवर हात ठेवला आणि सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं माझ्याच आवाजात निघाली. तिनं ती धरली नाहीत. पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं.