घरच्या विहिरीचं नाव

दिवेआगरच्या आश्लेषाबाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधले पंप अखंड चालतात म्हणून विहिरी खाऱ्या होताहेत, असं त्यांच्या संशोधनातून निघालं. होमस्टेवाले घरी आले, "पर्यटक पळतील, छापू नका." प्राचार्यही म्हणाले, "जरा थांबा."

बाई थांबल्या नाहीत. विश्वासाने पाणी तपासायला देणाऱ्यांची नावं मात्र त्यांनी गाळली. नाव घातलं फक्त घरच्या विहिरीचं, तेही आडनावासकट, कारण सर्वांत खारी तीच होती.

"छाप हवं तर," सासरे हरीभाऊ म्हणाले, "पण मी बोलणार नाही तुझ्याशी."

लेख छापून आला. दोन दिवस हरीभाऊंनी चहासुद्धा खुणेनेच मागितला. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून लेख वाचला आणि ओरडले, "अगो, आडनाव तरी धड छापायचंस!"

त्या दिवसापासून त्यांचा पंप निम्माच वेळ चालतो.