लाखेची शाई

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये आम्ही रेडिओसाठी सर्किटं छापत होतो. तांब्याचा पातळ थर चिकटवलेल्या पट्टीवर नायलॉनच्या जाळीची चौकट ठेवायची, शाई ओतायची आणि रबराच्या पात्याने ती ओढायची. तांब्यावर काळ्या रेघा उमटत. मग पट्टी ॲसिडमध्ये बुडवली की उघडं तांबं विरघळून जाई, शाईखालचं तेवढं उरे. त्याच रेघांतून पुढे वीज खेळायची. शेवटी शाई थिनरने पुसून काढायची. ते पुसायचं काम माझं आणि काकूंचं. काकू जवळच्याच खेड्यातून पायी येत. मी नागपूरहून एसटीने.

थिनरचा वास बसमध्येही माझ्यासोबत असे. शेजारची बाई नाकाला पदर लावी. घरी पोहोचल्यावर मी आधी हात धुवायची, मगच कणिक भिजवायला घ्यायची, तरी नवरा पहिल्या घासालाच थांबून माझ्याकडे बघायचा.

मला दिवस गेले होते आणि हे त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आदल्या वर्षीही गेले होते. ते राहिलं नाही. तेव्हाही मी याच शेडमध्ये होते.

मे महिना होता. बाहेरची धूळ ओल्या शाईवर बसू नये म्हणून खिडक्या बंद ठेवाव्या लागत. वरचे पत्रे तापलेले. दुपारी काकू पुसता पुसता थांबल्या, हातातला बोळा खाली पडला, आणि त्या टेबलाच्या कडेने सरकत खाली बसल्या. बसल्या कुठल्या, कोसळल्याच. डोळे अर्धे उघडे. मी "काकू, काकू" करत राहिले. साहेब धावत आले. साहेब म्हणजे शेडचे मालक, इंजिनिअर, स्वतः आमच्यासोबत पातं ओढणारे. आम्ही दोघांनी काकूंना उचलून बाहेर कडुनिंबाखाली नेलं. पाणी शिंपडलं. बऱ्याच वेळाने त्यांनी मान हलवली.

"मले काय झालं वं?"

"चक्कर आली."

"तू काहून रडून राहिली मंग?"

मी रडतेय हे मला कळलंच नव्हतं. हात पोटावर होता. काकूंनी तो पाहिला आणि त्यांना सगळं समजलं.

"साहेबाले सांगितलं का?"

"नाही."

"सांग. आत्ताच सांग."

मी सांगितलं. साहेब पायरीवर बसले. मी विचारलं, या वासाने पोटातल्या बाळाला काही होतं का? त्यांनी "काही होत नाही" म्हणावं, असं मला फार वाटत होतं. ते म्हणाले, "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही." दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनाही विचारलं, तर त्या म्हणाल्या, शक्य असेल तर लांब राहा. त्यांचा आवाज सहज होता, पण मला त्या दिवसापासून झोप लागेना. पोटात जरा दुखलं की उठून बसायची.

नोकरी सोडणं शक्य नव्हतं असं नाही. पण मी सोडली तर पुसायला काकू एकट्या उरल्या असत्या.

साहेबांनी मला पुसायच्या खोलीत यायला मनाई केली आणि स्वतः दुसऱ्या शाईच्या मागे लागले. वर्तमानपत्रांसाठी चित्रांचे ठसे बनवणारा एक कारागीर त्यांच्या ओळखीचा होता. लाखेचा थर ॲसिडला दाद देत नाही, हे त्यांनी त्याच्याकडे पाहिलं होतं. गोंदियाकडून आलेली लाख त्यांनी आणली, सुतार पॉलिशला वापरतात तीच. टाकणखाराच्या गरम पाण्यात ती विरघळवली, रेघा दिसाव्यात म्हणून काजळी घातली. ही शाई पुसायला थिनर नको, धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी पुरे. मी व्हरांड्यात स्टोव्हवर पातेलं ढवळत बसे. वास यायचा तो ओल्या लाकडासारखा.

पहिली खेप वाया गेली. कोरड्या हवेत लाखेला तडे गेले, तड्यांतून ॲसिड आत शिरलं आणि रेघा तुटल्या. पट्टी उजेडासमोर धरली की जागोजागी छिद्रं. माल मागणारा व्यापारी दोनदा येऊन ओरडून गेला. तिसऱ्यांदा तो आला, त्या दिवशी साहेबांनी कपाटातून जुन्या शाईचा डबा काढला.

"एवढीच खेप," ते खाली बघत म्हणाले.

झाकण उघडलं आणि तोच थिनरचा वास व्हरांड्यापर्यंत आला. काकू पदर खोचून आत निघाल्या. "तू बस इथंच. मी करतो."

मी त्यांचा हात धरला. त्यांच्या अर्ध्या उघड्या डोळ्यांखेरीज मला दुसरं काही दिसत नव्हतं. "नाही काकू, तुम्ही पण नाही." मग साहेबांना म्हणाले, "त्या व्यापाऱ्याला थांबायला सांगा. नाहीतर आम्ही दोघी आत्ता घरी जातो." आयुष्यात मालकाशी असं बोलले नव्हते.

साहेबांनी झाकण लावलं आणि बाहेर जाऊन व्यापाऱ्याशी बोलले. तो शिव्या देत गेला. पण पुढच्या आठवड्यात परत आला.

तोवर साहेबांनी शाईत थोडं एरंडेल घालून पाहिलं होतं. थर लवचीक झाला, तडे थांबले. जाड रेघांच्या पट्ट्या त्या शाईवर नीट निघू लागल्या. बारीक रेघा मात्र तिला कधीच जमल्या नाहीत. त्या कामासाठी विकतची शाई राहिलीच, फक्त खिडक्या उघड्या ठेवून आणि साहेबांच्या हातून. त्या चक्करीपासून काकूंना जडलेली डोकेदुखी पुढेही गेली नाही.

मुलगी थंडीत झाली. वजन कमी, पण रडणं खणखणीत. मी तिला दिवस दिवस न्याहाळत असे: नजर स्थिर आहे का, आवाजाकडे वळते का. ती उशिरा बोलू लागली, तेव्हा ते महिने मी कसे काढले, मलाच ठाऊक. नंतर ती इतकी बोलली की आम्ही तिला गप्प बस म्हणायचो.

आदल्या वर्षीचं मूल का राहिलं नाही, ते मी पुढे दोन डॉक्टरांना विचारलं. दोघांनीही सांगितलं, आता कुणालाच सांगता येणार नाही. नुकत्याच रंगवलेल्या घरात जायची वेळ आली की मी अजूनही दारातच थांबते आणि आधी खिडक्या उघडायला लावते.