क्लचवरचा पाय

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या लडकूची बायको ठकुबाई भित्री होती, यात वाद नाही. ओट्यावरचा दिवा लावायचा तर लाकडी काठीनं बटण दाबायची. भिवंडीच्या निजामपुऱ्यात बाजाराला आली की खडखडत्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्लीतून कानांवर पदर घट्ट धरून चालायची. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," असं लडकू चारचौघांत म्हणायचा आणि वर हसायचा. मला त्या हसण्याचा राग यायचा. मला तसा सगळ्याचाच राग येतो म्हणा. माझी बायको म्हणते, तुमच्या मीटरचा काटा नंतर हलतो, आधी तुमचा पारा चढतो.

मी रवींद्र. भिवंडीत माझं गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान आहे. बॅटऱ्या, डायनामो आणि सेल्फ. स्टार्टरला आमच्याकडे सेल्फच म्हणतात. दोन हजार सहा साली एका दुपारी ठकुबाई एकटी दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. आत यायला तयार नाही, कारण आत वायरी लोंबत होत्या.

"दादा, आमच्या ट्रॅक्टरचा सेल्फ बघाल काय? आमचे हे रोज पाना लावून चालू करतात."

पाना लावणं म्हणजे काय ते सांगतो. चावीनं सेल्फ फिरत नसला की हे बहाद्दर खाली उतरून मोठ्या चाकापुढे उभे राहतात आणि सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना आडवा टेकवतात. ठिणगी उडते, इंजिन चालू होतं. पण ट्रॅक्टर गियरमध्ये राहिला असेल तर तो चालू होतो आणि लगेच निघतोसुद्धा. आणि चाकापुढे कोण, तर आपणच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"माझा भाऊ नवशा असाच गेला," ती म्हणाली. "गणेशपुरीकडं, माझ्या माहेरी. मी त्याची न्याहारी घेऊन चालले होते. माझ्या डोळ्यांदेखत गेला. आता हे रोज सकाळी पाना घेतात, आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत मी घराच्या मागं कान झाकून बसते. हे माझं ऐकत न्हायत. तुमचं तरी ऐकतील."

हे सांगताना तिनं दाराची चौकट अशी धरली होती की बोटं पांढरी पडली होती. मी त्या रविवारी तिच्या घरी गेलो.

लडकूचा ट्रॅक्टर गोदामांच्या बांधकामांवर पाण्याचा टँकर ओढायचा. घरासमोरच्या उतारावर तो उभा होता. हँडब्रेक शोभेपुरता. आमच्या पट्ट्यात बऱ्याच ट्रॅक्टरांचा तसाच, म्हणून उतरताना गियर टाकायचा आणि चाकाखाली दगड सरकवायचा, ही इथली रीत. घरात शिरताना चप्पल काढतो तसा माणसाचा हात न विचारता गियर टाकतो.

"बॅटरी बदलली, तरी सेल्फ मरतुकडा फिरतो," लडकू म्हणाला. "नवा सेल्फ टाकू काय, रवीभाऊ?"

"आधी मोजू. सेल्फ बॅटरीतून किती करंट ओढतो ते बघू, मग बोलू."

माझ्याकडे चिमट्याचा मीटर होता. बॅटरीच्या जाड केबलभोवती त्याचा जबडा मिटवायचा आणि सेल्फ फिरवायचा, की करंटचा आकडा दिसतो. अट एकच, मोजताना इंजिन चालू होता कामा नये. त्यासाठी इंजिन बंद करायचा नॉब ओढून धरायचा. ट्रॅक्टरच्या सेल्फला तीनशेच्या आसपास अँपियर लागतात. त्याच्या वर फार गेला की समजायचं, आत काहीतरी घासतंय.

"मी खालून पाना लावतो, तुम्ही आकडा बघा," लडकू म्हणाला.

"पाना खिशात ठेव," मी ओरडलो. मी सेल्फला वायर जोडून एक बटण वर सीटपाशी नेलं. लडकूला वर बसवलं, माझ्यासमोर गियर काढायला लावला, आणि नॉब ओढून बटण दाबायला सांगितलं. आकडा नुसता नाचायला लागला. सेल्फवरचं केबलचं टोक ढिलं होतं, त्याच्या नटाचे आटे गेले होते.

"थांबा, मी लाकडाच्या ढलपीनं टोक दाबून धरतो," म्हणत लडकू खाली उतरला आणि मोठ्या चाकापुढे उकिडवा बसला. मी म्हटलं, तिथं बसू नकोस. पालथ्या घड्यावर पाणी. "न्यूट्रल हाय, काय होत न्हाय," तो म्हणाला, आणि बायकोला हाक मारली. "ठके, वर बस. क्लच दाब, नॉब ओढ, मग बटण दाब. एवढं तरी जमंल ना?"

ती चढली. लुगड्याचा काष्टा सावरत सीटवर बसली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, उतरा म्हणावं. पण दोन मिनिटांचं काम होतं, आणि गियर माझ्यासमोर काढलेला होता. क्लच जड. ती अर्धवट उभी राहून सगळा भार त्यावर टाकत होती.

"दाबा बटण, वहिनी."

सेल्फ कण्हत फिरला. मीटरवर साडेपाचशे. सेल्फच्या दांड्याचे पितळी बुश झिजले होते, आतलं घासत होतं, दुखणं सापडलं. मी हात वर करून थांबा म्हणणार, तेवढ्यात कट्‌ असा आवाज झाला आणि नॉब तुटक्या तारेसकट ठकुबाईच्या हातात आला. इंजिन धडधडून चालू झालं.

आता ते बंद करायला वर काहीच उरलं नव्हतं. ठकुबाईचा अंगठा अजून बटणावरच.

"बटण सोड," लडकू खालून ओरडला. तिनं बटण सोडलं. "आता क्लच सोड, आणि उतर खाली. बसलीस काय क्लच दाबून?"

मी मीटर टाकून तिच्याकडे धावलो आणि गियरच्या दांड्याकडे नजर गेली. दांडा मधोमध नव्हता, पुढे पडलेला होता. उतरता उतरता लडकूच्या हातानं गियर टाकला होता आणि त्याचं त्याला ठाऊक नव्हतं. चाक त्याच्या छातीपासून वीतभर. चाकाखालचा दगड नारळाएवढा, त्याला कोण विचारतं. क्लच दाबलेला म्हणून चाक थांबलं होतं, आणि हाच हुकूम सोडतोय, क्लच सोड.

एरवी ओरडणारा मी, ओरडायचंच विसरलो. आयुष्यात एवढा कधी भ्यालो नाही. ठकुबाईचा पाय पेडलवर लटलट कापत होता, घाम हनुवटीवरून गळत होता.

"सोड म्हणतो ना!" लडकू संतापला.

मी त्याची कॉलर धरली आणि होतं नव्हतं ते बळ लावून ओढला. आम्ही दोघे चिखलात पडलो. तो शिव्या घालत उठेपर्यंत मी इंजिनापाशी जाऊन डिझेलच्या पंपाचा दांडा हातानं मागे खेचला. इंजिन बंद पडलं.

लडकू मला मारायलाच आला होता. मी नुसतं गियरकडे बोट दाखवलं. त्यानं दांडा पाहिला, मग चाक पाहिलं, मग तो जिथं बसला होता ती जागा पाहिली. त्याच्या ओठांचा रंग गेला.

ठकुबाई अजून क्लचवरच होती.

"वहिनी, आता काढा पाय. बंद झालं."

"निघत न्हाय, दादा." पोटरीत पेटका आला होता.

लडकू खाली बघत म्हणाला, "तू ऐकलं न्हाईस ते बरं केलंस."

"मी ऐकतच होते," ती म्हणाली. आता तिला रडू फुटलं. "तुमचा शब्द मी आजवर मोडला न्हाय. पाय उचलायला गेले, उचललाच न्हाय. भ्यानं जड झाला. उचलला असता तर मी सोडत होते, अवो, मी सोडतच होते."

कुंपणाशी शेजारची माणसं जमली होती. आमच्याकडे नवरा चारचौघांत बायकोच्या पायाला हात लावत नाही. तो चढला, पायदानावर गुडघे टेकून बसला, आणि दोन्ही हातांनी तिचा पाय पेडलवरून उचलून मांडीवर घेतला. मग सगळ्यांदेखत तो तिची पोटरी चोळू लागला.