भेगेवरची काच

वाकोल्यात मावशीच्या बिल्डिंगला लागूनच टॉवरच्या बेसमेंटसाठी खोल खड्डा खणतायत. त्याच्या कडेची माती अडवणारी भिंत मी डिझाइन केली आहे. ती खड्ड्याकडे किंचित झुकणार, हे हिशेबात धरलेलंच होतं. त्याला आम्ही ‘चालेल इतकं’ म्हणतो. म्हणायला आमचं काय जातं.

मावशीच्या स्वयंपाकघरात भेग पडली, तेव्हा मी भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. भेग वाढली की काच तडकते, एवढंच तिचं काम. मावशी ती रोज पुसते. परवा शेजारणीला सांगत होती, “भाच्याने काच लावलीय ना, आता भिंत हलायची नाही.” मी चहा संपवला.

आज तिचा फोन आला. “काच तडकली रे. माझ्याच हातून जोरात पुसली गेली असेल. रागावू नकोस.”