ह्यांचे भांडकुदळ मासे

शैलाताईंचा फोन आला तेव्हा मी चिंचवडला बहिणीकडे होते. शैलाताई म्हणजे धायरीत आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या. "काकू, तुमच्या दाराखालून पाणी येतंय. बेल वाजवून दमले, काका दार उघडत नाहीयेत. माझ्याकडच्या किल्लीनं उघडू का?" मी म्हटलं, उघडा. नळ चालू ठेवून विसरले असतील असं वाटलं, थोडी चिडचिडही झाली. फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी दार उघडलं आणि मग फक्त "अगंबाई" एवढंच ऐकू आलं... हे फिशटँकसमोर बुटक्या स्टुलावर बसलेले होते, पाठ भिंतीला टेकलेली. पाणी बदलायला नळी लावली होती, तिचं एक टोक टाकीत, एक बादलीत. बादली भरून वाहिली होती आणि पाणी हॉलमधून जिन्यापर्यंत गेलं होतं. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले, फार त्रास झाला नसावा. टाकीत जेमतेम अर्धं पाणी उरलं होतं आणि त्यात ते सगळे निळे-पिवळे मासे नेहमीसारखे एकमेकांच्या मागे लागले होते.

त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं असताना आमचा मुलगा मंदार बाल्कनीतल्या ड्रममधून बादल्या आणून टाकी भरत होता. नळाच्या पाण्यात औषध असतं, म्हणून हे पाणी आदल्या दिवशीच ड्रममध्ये भरून ठेवायचे. सोलापूरहून आलेल्या माझ्या जाऊबाई कुजबुजल्या, "बाप गेलाय आणि ह्याला माशांचं पडलंय." त्या टाकीशी ह्या दोघांचं काय होतं, ते दाराशी उभं राहून चार वाक्यांत सांगता येण्यासारखं नव्हतं. आज महिना झाला, म्हणून लिहायला बसले आहे.

हे मूळचे कारखान्यातले. भोसरीजवळच्या एका कंपनीत टूलरूम सांभाळायचे. हाताखाली माणसं, शब्दाला वजन. मग परदेशी मशिनं आली, बाजार खुला झाला आणि पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या माणसांना निरोपाचे नारळ मिळू लागले. ह्यांनीही स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यातली इच्छा कुणाची होती, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच वर्षी मंदारला हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. मी शाळेत जायचे, मंदार सकाळी कंपनीच्या बसला पळायचा आणि दिवसभर घरात हे एकटे. कारखान्यात जो आवाज लागत होता तो आता दूधवाल्यावर, केबलवाल्यावर आणि बहुतेक वेळा मंदारवर निघायचा. चपला कुठे काढल्यास, दिवा का चालू ठेवलास, एवढा वेळ फोनवर काय असतं. मंदारही काही गप्प बसणारा नव्हता. "बाबा, ही टूलरूम नाहीये," म्हणायचा. घरात मी पोलिसासारखी दोघांच्या मधे उभी.

अशात मंदारनं तो फिशटँक आणला. चांगला चार फुटी. हॉलमध्ये खिडकीखाली ह्यांची आरामखुर्ची असायची, तिथेच तो बसत होता, म्हणून खुर्ची बेडरूममध्ये गेली. ह्यांना विचारलं नाही. मासे सिक्लिड जातीचे, आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्यातले. दिसायला देखणे आणि स्वभावाने महाभांडकुदळ. प्रत्येकाला दगडांतली आपली कपार हवी आणि शेजारी कुणी नको. "सदाशिव पेठेतून आणलेत का?" असं मी विचारलं तर मंदार हसला, हे हसले नाहीत.

आणि मग तो रविवार आला. मंदारचे ऑफिसातले मित्र जेवायला आले होते, अमरावती-अकोल्याकडची मुलं, खोल्या करून राहणारी, घरच्या पुरणपोळीवर तुटून पडलेली. त्यातल्या एकानं सहज विचारलं, "एवढे मासे, तू तर दिवसभर ऑफिसात. यांचं करतं कोण?" मंदार म्हणाला, "बाबा आहेत ना. ते रिकामेच असतात." त्यात कुचकेपणा नव्हता, निदान मला तरी जाणवला नाही. पण हे उठले, ताटाजवळ आले आणि त्या चार पोरांसमोर त्यांनी मंदारच्या कानाखाली वाजवली. चोवीस वर्षांच्या मुलाच्या. पोरांनी ताटं तशीच ठेवून हात धुतले. संध्याकाळी मंदारनं बॅग भरली. दारात मला म्हणाला, "मासे नंतर नेतो." हिंजवडीला एका मित्राच्या खोलीवर राहायला गेला आणि मासे न्यायला काही आला नाही.

पहिले काही दिवस ह्यांनी टाकीकडे पाठ फिरवली. मग एका सकाळी एक पिवळा मासा तरंगत होता, पर आणि शेपूट फाटून चिंध्या झालेली. आठवड्यानं दुसरा. एक मोठा निळा मासा अर्धी टाकी बळकावून बसला होता आणि दिसेल त्याला झोडपत होता. ह्यांनी दोन्ही मासे बाल्कनीतल्या जास्वंदीच्या कुंडीत पुरले आणि बराच वेळ हातातली खुरपी तशीच धरून उभे राहिले. दुपारी सायबर कॅफेत गेले. मंदारच्या कॉम्प्युटरला कधी बोट न लावलेला माणूस! तिथल्या मुलाला कडेला बसवून त्यांनी सिक्लिडांविषयी सापडेल ते छापून आणलं आणि डिक्शनरी घेऊन वाचत बसले.

त्यानंतर घरात जे चाललं ते टूलरूमच्या शिस्तीत चाललं. आधी निळ्याला काढून दुकानात देऊन आले. दोनच दिवसांत एरवी कोपऱ्यात लपणारा एक मासा राजा झाला आणि बाकीच्यांना बडवू लागला. मग पुन्हा जाऊन निळ्याला परत आणलं. दुकानदार म्हणे चक्रावलाच. ह्यांच्या वाचनात आलं होतं की मारकुट्याला काही दिवस टाकीतच, पण वेगळं ठेवायचं, म्हणजे त्याची सत्ता जाते. त्यासाठी माझी तांदूळ धुवायची प्लॅस्टिकची रोवळी गेली. "अहो, मी तांदूळ कशात धुऊ?" विचारलं तर म्हणाले, "हाताने." निळा रोवळीत असताना ह्यांनी टाकीतले सगळे दगड नव्यानं रचले. जुन्या कपारीच उरल्या नाहीत की जुनी भांडणंही मोडतात, सगळेच नवे भाडेकरू होतात. दगड असे लावले की या टोकाचा मासा त्या टोकाच्याला दिसू नये. आणि मासे कमी करायच्या ऐवजी आणखी आठ आणले. मला ते उलटंच वाटलं. "दोघंच असले की एकच सारखा मार खातो," ते म्हणाले. "जास्त असले की राग वाटला जातो. कुणा एकाच्या वाट्याला सगळा येत नाही."

एवढं बोलून ते थांबले. मला वाटलं, त्या रविवारचा विषय काढायची हीच वेळ आहे. मी म्हटलं, "जाऊ दे हो. शेवटी तो त्याचा स्वभावच. निळ्याचा काय दोष?"

"त्याचा नाहीच," हे म्हणाले. "त्याला कळत नाही. मला कळत होतं. हात उचलायच्या आधीच कळत होतं."

लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत ह्यांच्या तोंडून असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. नंतर मात्र ते ओझं ह्यांनी कधी खाली ठेवलंच नाही. जेवताना पहिल्या घासाला थांबायचे. ती पोरं ताटावरून उठली होती ना, ते आठवायचं, असं एकदा म्हणाले. स्वतःच्याच हाताकडे बघत बसायचे. एक दिवस मला न सांगता दोन बस बदलून हिंजवडीला गेले आणि मंदारच्या ऑफिसच्या फाटकाबाहेर उभे राहिले. हे मला मंदारनं परवा सांगितलं. तो गळ्यात ओळखपत्र अडकवून बाहेर आला, तर हे म्हणाले, "निळा आता शांत झालाय. येऊन बघ एकदा." बस, इतकंच. मंदार म्हणाला, "मला मीटिंग आहे, बाबा." मीटिंग नव्हती. वर जाऊन काचेतून तो बघत राहिला. हे रस्ता ओलांडायला बराच वेळ घेत होते.

पण पुढच्या शनिवारी मंदार आला. चहा घेतला, टाकीसमोर उभा राहिला. दगडांवर शेवाळ साचलं होतं, ते काढायचं होतं. ह्यांनी बाह्या वर केल्या, त्यानंही केल्या. दोघांचे हात कोपरापर्यंत पाण्यात. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. ह्यांनी मान वर न करता म्हटलं, "मंदार, त्या दिवशी मी तुला मारलं. ते चुकलं माझं. फार चुकलं."

मंदार म्हणाला, "बाबा, तो दगड धरा. काच फुटेल."

ह्यांनी दगड धरला.

विषय तिथेच संपला. मंदार परत राहायला आला नाही, त्याचं लग्न झालं, बाणेरला घर झालं. पण शनिवार त्यानं सोडला नाही. बापलेक टाकीसमोर बसायचे. कोण कुणाला त्रास देतोय, कुणाला किती दिवस वेगळं ठेवायचं, कुठल्या मादीनं पिल्लं सांभाळायला तोंडात घेतलीत, एवढंच बोलायचे. आवाज चढलेला मी पुन्हा कधी ऐकला नाही. बाहेरच्याला वाटलं असतं, किती गोड चाललंय. पण 'चुकलं माझं' या वाक्याचं उत्तर राहिलं होतं आणि ते राहिलंय, हे दोघांनाही माहीत होतं.

गेल्या शनिवारी मंदार आला तेव्हा आम्ही दोघंच होतो. पाणी बदलून झाल्यावर त्यानं मला विचारलं, "आई, बाबा कधी म्हणाले का गं... मी काही बोललो नाही म्हणून?"

खोटं सांगता आलं असतं. पण त्याला खरं कळायला हवं असं वाटलं. "तू गेलास की दर वेळी विचारायचे," मी म्हटलं. "'काय म्हणाला गं जाताना?' म्हणून."

"मग तू काय सांगायचीस?"

"सांगायचे, पुढच्या शनिवारी येतो म्हणाला."

"आणि ते?"

"बरं म्हणायचे."

खिडकीच्या ग्रिलवर ह्यांचा पंचा वाळत असतो, टाकीत हात घातला की पुसायचा. मंदारनं तो ओढून घेतला आणि हात पुसू लागला. बोटं, मनगट, कोपर... हात केव्हाच कोरडा झाला होता, तरी तो पुसतच राहिला.